नाडी, लहर आणि मीपण : ध्यानाच्या मोजमापाची शंभर वर्षं

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे ध्यान आणि मेंदू, आणि त्यातही मुख्यतः 'मी आहे' ही आपली जाणीव. 'ध्यानानं मेंदू बदलतो', 'ध्यानात मेंदूतला मी बंद पडतो' अशी वाक्यं आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेली आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज येतात. त्यांत खरं किती, हे तपासायचा एक रस्ता म्हणजे आजचे शोधनिबंध वाचणं. दुसरा रस्ता इतिहासाचा. ध्यान मोजायला माणसानं कधी सुरुवात केली, नेमकं काय मोजलं, कुठे फसगत झाली आणि ती कशी लक्षात आली, हे क्रमानं पाहिलं की आजच्या दाव्यांचं वजन करणं सोपं जातं. आपण आज हा दुसरा रस्ता धरणार आहोत.

सुरुवात १९२४ सालापासून करू. त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या, एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं माणसाच्या डोक्यावर पट्ट्या लावून मेंदूतली विद्युत स्पंदनं पहिल्यांदा टिपली. आणि आपल्याकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं.

बर्गरची गोष्ट मोठी विलक्षण आहे. तरुणपणी लष्करी सेवेत असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली, कारण दूर असलेल्या त्याच्या बहिणीला एकाएकी भावाची काळजी वाटू लागली होती. बर्गरनं याचा अर्थ असा लावला की आपलं मन बहिणीच्या मनापर्यंत पोचलं. मनाची ही शक्ती शोधायची म्हणून तो आयुष्यभर मेंदूच्या मागे लागला. शक्ती काही सापडली नाही. सापडला तो ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत-आलेख. त्यानं तो १९२९ साली प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला दहाच्या आसपास लहरी दिसतात. त्यांना आज आपण अल्फा लहरी म्हणतो.

आता लोणावळ्याकडे येऊ. कुवलयानंद म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, गुजरातेत डभोईला, मराठी घरात. बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे शरीर कमावलं, माधवदास महाराजांकडे योगाचे धडे घेतले, काही काळ अमळनेरला शिकवलं. साधनेत जे अनुभवाला येतं ते खरं मानायचं, पण त्याचं जे स्पष्टीकरण परंपरेनं दिलंय ते तपासून घ्यायचं, असा त्यांचा बाणा होता.

एक उदाहरण देतो. बस्ती या क्रियेत पाणी गुदद्वारातून वर ओढलं जातं. का ओढलं जातं? तर अपानवायूमुळे, असं उत्तर दिलं जाई. कुवलयानंदांनी दाब मोजण्याची नळी लावली आणि दाखवलं, की नौली करताना पोटाच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी वर चढतं. गुरूंची आठवण म्हणून त्यांनी या कमी दाबाला माधवदासांचंच नाव दिलं. म्हणजे बघा, गुरूंबद्दलची श्रद्धा जागच्या जागी आहे आणि स्पष्टीकरण मात्र बदललंय. हे सगळं ते 'योग-मीमांसा' या त्रैमासिकातून छापत होते, तेही १९२४ पासूनच. पुढे येल विद्यापीठातून कोवूर बेहनन लोणावळ्याला येऊन शिकले आणि त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. उज्जायी प्राणायामात ऑक्सिजनचा वापर जवळपास एक चतुर्थांशानं वाढतो, असं त्यांना आढळलं. प्राणायामात सगळं मंदावतं असं धरून चालणाऱ्याला हे कोड्यात टाकणारं होतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या पहिल्या टप्प्यात सगळे प्रश्न शरीराबद्दलचे आहेत. दाब किती, श्वास किती, नाडी किती. 'मी'चं काय होतं, हे कुणी विचारत नाही. कारण सरळ आहे. जे मोजता येत होतं तेच विचारलं जात होतं.

या टप्प्यातला सगळ्यांत गाजलेला प्रश्न होता, योगी हृदय थांबवू शकतो का? १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ बाई हृदयालेखाचं यंत्र, म्हणजे ईसीजी, घेऊन भारतात आल्या. एका योग्याच्या आलेखावर हृदयाची खूण जवळजवळ सपाट झालेली त्यांना दिसली. बातमी व्हायला एवढं पुरेसं होतं. पुढची वीस वर्षं 'योग्यानं हृदय थांबवलं, फ्रेंच डॉक्टरनं पाहिलं' हे वाक्य फिरत राहिलं.

मग १९५७ साली दोन माणसं अमेरिकेतून आली. एक मॅरियन वेंगर, कॅलिफोर्नियाचे. दुसरे बसुकुमार बागची, मिशिगन विद्यापीठाचे. बागचींचं आयुष्य म्हणजे एक कादंबरीच. ते परमहंस योगानंदांचे तरुणपणापासूनचे मित्र. संन्यास घेऊन स्वामी धीरानंद झाले आणि अमेरिकेत योगाची शिकवण देत राहिले. पुढे संन्यास सोडला, मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि ईईजीचे तज्ज्ञ झाले. तर हे एकेकाळचे स्वामी आठ वाहिन्यांचं यंत्र घेऊन गावोगाव योगी शोधत हिंडले. त्यांचा आणि दिल्लीच्या बाळकृष्ण आनंद यांचा एकत्रित निबंध १९६१ साली निघाला.

त्यांना काय दिसलं? हृदय थांबवतो म्हणणारे योगी श्वास रोखत, घसा आतून बंद करत आणि छाती-पोटाचे स्नायू आवळून धरत. त्यामुळे छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, मनगटावरची नाडी लागत नाही, नळी लावली तर ठोकेही ऐकू येत नाहीत. पण ईसीजीवर हृदयाचं काम चालूच होतं. हृदय थांबलं नव्हतं, त्याची चाहूल तेवढी थांबली होती. एकानं मात्र ठोक्यांची गती खरोखर कमी करून दाखवली.

हा निकाल आपण नीट लक्षात ठेवायला हवा, कारण पुढच्या सगळ्या इतिहासात तो आपल्याला परत परत भेटणार आहे. योगी लबाड नव्हते. नाडी गेली हे खरंच होतं. पाहणारेही खोटं बोलत नव्हते. चूक झाली ती एका जागी. नाडी ही हृदयाची खूण आहे, ती म्हणजे हृदय नव्हे. खूण नाहीशी झाली म्हणून मूळ वस्तूच नाहीशी झाली, असं धरून चालता येत नाही.

आता दुसरा टप्पा, लहरींचा. १९५५ साली दास आणि गास्तो या दोघांनी क्रियायोग करणाऱ्यांचे ईईजी प्रसिद्ध केले. गाढ ध्यानात लहरी वेगवान होतात, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून आनंद, छिना आणि सिंग यांचा निबंध आला. त्यांना समाधीत अल्फा लहरी भरपूर दिसल्या. योगी समाधीत असताना त्यांनी प्रखर उजेड पाडला, मोठा आवाज केला, गरम काच लावली. एरवी अशा वेळी अल्फा लहर तुटते. समाधीत ती तुटली नाही. दोघा योग्यांनी चार अंश सेल्सियसच्या थंडगार पाण्यात पाऊण तासाहून जास्त वेळ हात ठेवला, तरी लहरी तशाच राहिल्या.

तिकडे जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई हे झेन साधकांवर काम करत होते. त्यांचा निबंध १९६६ चा. ठरावीक अंतरानं 'टिक' असा आवाज करायचा. सामान्य माणसाची अल्फा लहर पहिल्या आवाजाला तुटते, दुसऱ्याला थोडी कमी, आणि चार-पाच आवाजांनंतर मेंदू त्याला सरावतो. घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येईनाशी होते ना, तसं. झेन गुरूंच्या बाबतीत मात्र विसाव्या आवाजालाही लहर पहिल्यासारखीच तुटत होती. सरावणं नाहीच.

किती सुंदर जुळलं! आपला योगी जगाकडे पाठ फिरवतो, म्हणून त्याला आवाज पोचतच नाही. झेन साधक प्रत्येक क्षण नव्यानं घेतो, म्हणून त्याला प्रत्येक आवाज पहिलाच. दोन तत्त्वज्ञानं आणि त्यांना साजेसे दोन मेंदू. पाठ्यपुस्तकांतून ही जोडी वर्षानुवर्षं शिकवली गेली. पण १९८१ साली बेकर आणि शपिरो यांनी झेनवाले, योगवाले, भावातीत ध्यानवाले आणि ध्यान न करणारे असे गट घेऊन हाच प्रयोग पुन्हा केला. सगळे सारखेच सरावले. गटागटांत फरक मिळाला नाही. जुने प्रयोग दोन-चार जणांवरचे होते. ते दोन-चार जण विलक्षण असतीलही. पण त्यांच्यावरून एका अख्ख्या परंपरेचा मेंदू काढून दाखवता येत नाही.

दरम्यान ध्यान अमेरिकेत पसरत होतं आणि तिथे ते दवाखान्यात शिरलं. १९७० साली वॉलेस यांचा भावातीत ध्यानावरचा निबंध आला. १९७५ मध्ये हर्बर्ट बेन्सन यांनी म्हटलं, की कुठलाही शब्द शांतपणे घोकला तरी शरीर तसंच सैलावतं. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसेच्युसेट्समध्ये आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला, दुखणी आणि ताण यांसाठी. साधारण याच काळात आपल्याकडे सत्यनारायण गोएंकांची विपश्यना शिबिरं भरू लागली होती. पहिलं १९६९ साली मुंबईत झालं आणि १९७६ पासून इगतपुरी हे त्यांचं मोठं केंद्र झालं. पुढे मेंदूसंशोधनात नाव काढलेले रिचर्ड डेव्हिडसन यांच्यासारखे काही अमेरिकन तरुण गोएंकांकडे बसून गेले होते. त्यांनी बरोबर नेला तो प्रश्न बौद्धांचा होता. आपण ज्याला 'मी' म्हणतो, ते नेमकं काय आहे?

हा प्रश्न जुनाच. मिनँडर राजा आणि नागसेन भिक्षू यांचा रथाचा संवाद आपल्याला ठाऊक आहे. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, मग रथ कुठे आहे? आणि मराठी माणसाला चांगदेवांची कथा सांगायला नको. योगबळानं चौदाशे वर्षं मरण टाळलं म्हणतात, असा योगी. त्याच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. त्यात सिद्धींची चर्चा नाही, पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांच्या एकपणाची आहे. सामर्थ्याकडून 'मी'कडे हा प्रवास आपल्या परंपरेत कधीच झालेला होता. विज्ञानाला तो करायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली, कारण तोवर 'मी'ला धरता येईल अशी खूणच हाती नव्हती.

ती खूण मिळाली जवळजवळ अपघातानं. सेंट लुईस इथे मार्कस रेकल आणि त्यांचे सहकारी मेंदूची छायाचित्रं घेत होते. काम देताना आणि स्वस्थ पडलेले असताना, अशी दोन्ही. स्वस्थ पडल्यावर मेंदूही स्वस्थ व्हायला हवा. पण मेंदूच्या मध्यरेषेजवळचे काही भाग, कपाळामागचा एक आणि मागच्या बाजूचा एक, काम दिलं की मंदावायचे आणि काम काढून घेतलं की परत जोरात चालायचे. २००१ साली रेकल यांनी याला मेंदूची 'डिफॉल्ट' अवस्था म्हटलं. पुढे या भागांच्या जाळ्याला 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' हे नाव पडलं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण तो खातो वीस टक्के ऊर्जा, आणि एखादं काम दिल्यावर त्यात पडणारी भर अगदी थोडी असते. म्हणजे काही करत नसताना मेंदू बरंच काही करतो.

काय करतो? आपण स्वतःवरून ओळखू शकतो. काल तो असं का बोलला, उद्या काय होईल, मी कसा दिसलो असेन. मन भटकतं, आणि भटकून बहुतेक वेळा 'मी'कडेच येतं. 'हे विशेषण तुम्हाला लागू पडतं का?' असं विचारलं तरी कपाळामागचा तोच भाग जागा होतो. २०१० मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २२५० माणसांना फोनवरून अवचित विचारलं. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं.

आता ध्यानाची गाठ पडणारच होती. २००७ साली टोरांटोला नॉर्मन फार्ब यांनी आठ आठवड्यांचा वर्ग केलेल्यांना यंत्रात घालून दोन प्रकारे स्वतःकडे पाहायला सांगितलं. एक, मी कसा आहे याचा विचार करा. दोन, आत्ता काय जाणवतंय ते नुसतं पाहा. शिकलेल्यांमध्ये या दोन प्रकारांची मेंदूतली वाट जास्त वेगळी झालेली दिसली. याचा अर्थ 'मी' एकसंध नाही. गोष्ट सांगणारा एक 'मी' आहे, आणि या क्षणी श्वास, पाय, खुर्ची जाणवणारा दुसरा. २०११ मध्ये येलला जडसन ब्रुअर यांना अनुभवी ध्यानसाधकांमध्ये 'डिफॉल्ट' जाळ्याचे मुख्य भाग मंदावलेले आढळले. कुणी म्हणेल, हे भाग तर साधी बेरीज करतानाही मंदावतात. बरोबर आहे. म्हणून २०१५ साली याच गटानं ध्यानाची तुलना दुसऱ्या कामाशी करून पाहिली. ध्यानात ते भाग त्याहूनही जास्त मंदावले होते.

इथवर सगळं पक्क्या पायावर आहे. आणि इथेच वर्तमानपत्रात मथळा येतो, 'ध्यानानं अहंकार विरतो, शास्त्रज्ञांनी दाखवलं'.

आता १९५७ चा तो हृदयालेख आठवा. कपाळामागचा भाग मंदावला हे खरं. पण तो भाग म्हणजे 'मी' नाही, 'मी'ची एक खूण आहे. तोच भाग आठवणीत काम करतो, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेताना करतो, भविष्याची आखणी करताना करतो. शिवाय 'मी'चे आधार इतरत्रही आहेत. २००२ साली जिनिव्हात ओलाफ ब्लांके यांच्या गटानं एका अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूत, उजव्या बाजूला कानाच्या वर-मागे, सौम्य वीज दिली. तेव्हा 'मी वरून माझं शरीर पाहतेय' असं तिला वाटलं. शरीरात असल्याची जाणीव वेगळी, आयुष्याची गोष्ट सांगणारा वेगळा. एकाची चाहूल गेली म्हणजे दोन्ही गेले असं होत नाही.

मेंदूची रचना बदलते या दाव्याचंही असंच झालं. २०११ साली सोळा जणांच्या वर्गात आठ आठवड्यांत मेंदूतलं करडं द्रव्य काही ठिकाणी वाढल्याचं छापून आलं आणि जगभर गाजलं. २०२२ मध्ये डेव्हिडसन यांच्याच केंद्रातून दोनशेहून जास्त लोकांचा अभ्यास आला. आठ आठवड्यांच्या त्याच वर्गानं रचनेत काही बदल दिसला नाही. ज्यांनी हयात या संशोधनाला दिली, त्यांनीच हे छापलं. कुवलयानंदांच्या नळीची आठवण होते ती इथे.

कुणी म्हणेल, एवढी चिरफाड कशाला? चार माणसं शांत बसतात, बसू द्या की. पण यात माणसांचं बरंवाईट गुंतलेलं आहे. २०१७ साली ब्राउन विद्यापीठातले लिंडाल, ब्रिटन आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे साठ बौद्ध ध्यानसाधकांच्या सविस्तर मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांत स्वतःच्या जाणिवेत पडलेल्या फरकाची वर्णनं आहेत. काहींना 'मी' आणि जग यांच्यातली रेघ पुसट झाली आणि मोकळं वाटलं. काहींना तेच भयंकर वाटलं. हात आपले वाटेनात, विचार कुणाचे ते कळेना, नोकरी-संसार चालेना. मनोविकारतज्ज्ञाकडे गेलं तर यातल्या काहींच्या अनुभवाला आजाराचं नाव आहे. गुरूकडे गेलं तर कदाचित प्रगतीचं. यंत्रात दोघांच्याही मेंदूतला तोच भाग मंद दिसू शकतो. नुसता आलेख पाहून एकाला मुक्ती आणि दुसऱ्याला दुखणं म्हणता येणार नाही. त्यासाठी माणसाला विचारावं लागतं. आणि 'मीपण गेलं की सगळं छान' असं आधीच ठरवून टाकलं असेल, तर घाबरलेल्या माणसाचं कुणी ऐकतच नाही.

फ्रान्सिस्को व्हारेला या चिलीच्या जीवशास्त्रज्ञानं १९९६ मध्येच हे मांडलं होतं. मेंदूचा आलेख आणि अनुभव घेणाऱ्याचं बारकाईनं केलेलं वर्णन, दोन्ही शेजारी ठेवा. एकानं दुसऱ्याला दुरुस्त करू द्या. २०१३ साली येलच्या गटानं तसं करून पाहिलं. साधक ध्यानात असताना मेंदूच्या मागच्या त्या भागाची हालचाल लगेच त्याला दाखवायची आणि आत काय झालं ते विचारायचं. सहजपणे, ओढाताण न करता जाणीव होती तेव्हा भाग मंद होता. लक्ष भटकलं किंवा जोर लावून ते आणायचा प्रयत्न झाला, की भाग जागा व्हायचा. म्हणजे मंदावलं ते मीपण नसून, 'मला हे जमलं पाहिजे' ही ओढ असावी, असं निदान यावरून वाटतं. ही भर साधकानं सांगितल्यामुळे पडली. ती यंत्राला एकट्याला सापडली नसती.

तेव्हा मंडळी, उद्या ध्यानाबद्दलची बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. मोजलं नेमकं काय? तुलना कुणाशी केली? आणि ध्यान करणाऱ्याला काय जाणवलं, हे कुणी विचारलं का? जवळ कुणी ध्यानाच्या शिबिरातून अस्वस्थ होऊन आलं, तर 'चांगलंच आहे, प्रगती आहे' असं म्हणून विषय संपवू नका. बसा, ऐका, गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्या. ध्यान करू नका असं आमचं बिलकूल म्हणणं नाही. शंभर वर्षांत ज्यांनी ध्यानाचं सगळ्यांत प्रामाणिक मोजमाप केलं, त्यांतले कितीतरी स्वतः ध्यानाला बसणारेच होते.

आता प्रश्न घेऊ या.